देव्हाऱ्यातली परकी माती

तांब्यातलं पाणी आधी हललं. मग देव्हाऱ्यातली घंटी, कोणी हात न लावता, एकदाच अर्धवट किणकिणली. नंतर दणका. तसा तो रोजचाच, समोरच्या पत्र्याच्या कुंपणाआडून येणारा, नव्या टॉवरचा पाया ठोकणाऱ्या पायलिंगच्या यंत्राचा. सकाळी नऊला सुरू होतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीच्या छातीवर कोणी मुठी मारत बसल्यासारखा चालतो. पण आजचा जवळून आला, किंवा खोलातून. काहीतरी घरंगळलं, समईच्या पायाशी आपटलं, लादीवर पडलं, एवढं गुणाजींना ऐकू आलं. त्यानंतर एकदम दिसल्या त्या वाळत घातलेल्या चादरी आणि खालच्या चौकातला नळ. म्हणजे आपण खोलीत नाही. चहाचा कप हातात धरून आपण गॅलरीत, थेट जिन्याच्या तोंडाशी उभे आहोत. एका पायात चप्पल आहे, दुसऱ्यात नाही. चहा मात्र सांडलेला नाही. ह्या शेवटच्या गोष्टीची त्यांना फार लाज वाटली. माणूस पळाला, तो चहा सांभाळून पळाला.

"बाबा, काय पडलं?" सून मेघना दारात आली. केस विंचरता विंचरता आलेली, कंगवा केसांतच अडकलेला.

"काय नाय गो. पायलिंग."

"मग तुम्ही कुठे धावलात? मी आत आहे ना अजून!" ती हसत म्हणाली, आणि तिच्या हसण्यात काहीही नव्हतं. पण गुणाजींना ते खडीसारखं रुतलं. खोलीत मेघना आहे हे त्यांना आठवलंसुद्धा नव्हतं. पायांनी त्यांना विचारलंच नव्हतं. साडेदहा वर्षं झाली, पाय तेच आहेत.

लादीवर बायकोचा, शेवंतीचा, देव पडला होता. बोटभर उंचीचं मातीचं शिखर, साच्यातून काढलेल्या मोदकासारखं, खाली गोल, वर निमुळतं, भोवती बारीक पायऱ्या. पण त्या पायऱ्या आता हातालाच कळायच्या, डोळ्यांना नाही, कारण शेवंतीने रोज सकाळी लावलेल्या हळदी-कुंकवाचे थर त्याच्यावर चढत गेले होते आणि तिच्यानंतर गुणाजींनी लावलेले त्या थरांवर. पुढच्या अंगाला एक खळगी होती. शेवंतीच्या उजव्या अनामिकेची. गुणाजींचं बोट जाड, गोदीत पस्तीस वर्षं जहाजांचे पत्रे हाताळलेलं; ते त्या खळगीत बसत नसे. ते कडेकडेने कुंकू लावत, खळगी मोकळी सोडत. आज त्या शिखराचा मागचा टवका उडाला होता. आत करडी माती होती आणि त्या मातीत तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा कण.

"अय्या, आईंचा देव!" मेघना खाली बसली. टवका उचलून तिने जागेवर लावून पाहिला, तो नेमका बसला. "फेविक्विक आहे घरात. संध्याकाळी आले की चिकटवते. कळणारसुद्धा नाही, बाबा."

कळणारसुद्धा नाही. ती दवाखान्यात गेली, तिथे ती दिवसभर लोकांच्या रिपोर्टांवर नावं लिहिते. मुलगा दीपक रात्रपाळीहून येऊन आतल्या खोलीत झोपला होता. गुणाजी त्या तुकड्यापुढे मांडी घालून बसले. समोर यंत्र ठोकत होतं. दर ठोक्याला तांब्यातल्या पाण्यावर एक वर्तुळ उमटे, कडेला जाऊन मरे, पुन्हा उमटे.

रिटायर झाल्यावर शेवंतीने एकच मागितलं होतं. "माका पशुपती दाखवा. लगीन झाल्यापासून मी लालबाग ते कणकवली आणि कणकवली ते लालबाग, ह्याच्यापुढे खंय गेलंय?" चाळीतली चौदा माणसं, एक यात्रा कंपनी, बटाट्याची भाजी आणि पुरी. एप्रिलमधला शनिवार. सकाळी पशुपती झाला. मग गाईड म्हणाला, एक बहुत पुराना स्थान है, बुद्ध का, दो हजार साल का, रास्ते में ही है. आणि बस एका टेकडीवर चढली. पांढरा भलामोठा घुमट, त्याच्यावर चौकोनी मान, आणि त्या मानेवर चारी दिशांना रंगवलेले डोळे. झोपाळू, पण जागे. शेवंती घुमटाभोवती फिरली, मग गुणाजींच्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "बघलात? हेचे डोळे तुमच्या आयशीसारखे. खंयच्याय कोपऱ्यात जावा, बघतत ते बघततच." ती हसली तेव्हा तिच्या पुढच्या दातातली फट दिसली. त्या घुमटाच्या मागे, पिंपळाखाली, तसाच एक लहान घुमट होता, माणसाच्या उंचीचा, विटा उघड्या पडलेल्या, अंगावर गवत. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं म्हणून शेवंती तिकडे गेली. ती अशीच. लग्नघरातसुद्धा जिच्याशी कोणी बोलत नाही तिच्या शेजारी जाऊन बसणार.

कबुतरं आधी उडाली. सगळी एकदम, टेकडीवरून कोणी गोधडी झटकावी तशी. मग त्या मोठ्या कळसाच्या घंटा वाजू लागल्या. वारा नव्हता. मग भिंतीतली ती पितळी फिरकी, लोक हाताने फिरवतात ती, आपोआप फिरू लागली. गुणाजींनी जहाजाची डेक थरथरताना अनुभवली होती. इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा पोलाद कसं अंगातून बोलतं ते त्यांना ठाऊक होतं. पण ती डेक होती, खाली पाणी होतं, पाण्याने हलायचंच असतं. ही भुई होती. शेवंतीचा हात त्यांच्या हातात होता. हे त्यांना पक्कं आठवतं. बांगड्यांचा गारवासुद्धा आठवतो. त्यानंतरचं आठवतं ते खालच्या उतारावरचं बटाट्याचं शेत, आणि आपण त्यात उभे आहोत, दोन्ही हात रिकामे. मधलं काही नाही. हात सुटला की सोडला, हे त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा तपासलं की आता तो धागाच झिजून गेला आहे.

वर टेकडीवर धूळ उठली होती. धुळीतून तिचा आवाज आला. ती किंचाळत नव्हती. ती गाऱ्हाणं घालत होती. कणकवलीला शिमग्यात गावचा गावकर घालतो तसं, खड्या आवाजात, बाईमाणसाने कधी घालायचं नसतं तसं. "बा देवा म्हाराजाऽऽ! ह्या डोंगराचो तू राखणदार! तुझा नाव आमका ठावक नाय!" आणि थांबली. गाऱ्हाण्यात थांबायचंच असतं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं; हुंकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, देवाला ते पोचत नाही. ती हुंकारासाठी थांबली. शेतात गुणाजी उभे होते. सगळं ऐकत होते. "आमी परगावची माणसा! चुकला-माकला पोटात घाल!" पुन्हा थांबली. "जेचा माणूस तेका पावता कर!" ज्याचं माणूस त्याच्या हाती पोचतं कर, एवढं मागून ती तिसऱ्यांदा थांबली, ते थांबणं लांबलं, लांबलं, आणि त्या लांबलेल्या जागेत कोणीच काही बोललं नाही. भुई मात्र शांत झाली.

ते वर गेले तेव्हा ती तशीच बसली होती, पदर डोक्यावर, केसांत विटांचा चुरा, अंगाला ओरखडासुद्धा नाही. लहान घुमट उभा फाटला होता, पिकल्या फणसासारखा, आणि त्याच्या पोटातून ही मातीची शिखरं बाहेर सांडली होती, शेकड्याने. एक तिच्या ओच्यात होतं. "देव असो उघड्यार टाकून जावचो?" एवढंच ती म्हणाली. ते खवळले. इथे माणसं मेली आणि तू माती गोळा करतेस? खूप मोठ्याने खवळले. शेतात न निघालेला आवाज सगळा तिथे निघाला. तिने ऐकून घेतलं. हात सुटल्याचं तिने त्या दिवशी विचारलं नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. मुंबईला आल्यावर देव्हाऱ्यात गणपतीच्या बाजूला तिने त्या शिखराला जागा केली आणि रोज सकाळी, उठल्या उठल्या, पहिलं पाऊल टाकण्याआधी लादीला हात लावून ती जी ओवी म्हणायची, ती आता त्याच्याकडे तोंड करून म्हणू लागली:

पयलो माझो पाय, भुंये, तुझ्या गो छातीर,
राग नको धरू, जीव माझो तुझ्या हातीर.

"ही भुंय न्हय," गुणाजी पूर्वी चिडवायचे, "ही तिसऱ्या माळ्यावरची लादी. हिच्याखाली शिरोडकरांचा पंखा आहे." नेपाळहून आल्यावर त्यांनी चिडवणं सोडलं.

समोरच्या टॉवरच्या फाटकावर बुद्धिमान तामांग हा नेपाळी वॉचमन बसतो. वय पन्नाशीचं, मफलर बारा महिने. गुणाजींची आणि त्याची ओळख दोन वर्षांची, पेपरच्या एका पानाची: आतलं पान तो घेतो, बाहेरचं गुणाजी. त्या दिवशी दुपारी, यंत्र जेवायला थांबल्यावर, गुणाजी रुमालात ते दोन तुकडे घेऊन खाली उतरले. त्याच्या देशातली वस्तू, त्याला ठाऊक असेल काय लावून जोडायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बुद्धिमानने रुमाल उघडला आणि तो उठून उभा राहिला. आधी हात पॅन्टला पुसले, मग ते शिखर कपाळाला लावलं.

"काका, ये आपके पास कैसे?"

त्यांनी सांगितलं. घुमट फाटला इथपर्यंत.

बुद्धिमानने एक शब्द सांगितला, तो गुणाजींच्या जिभेवर बसेना. मग तो सावकाश, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत बोलला. "आमच्यात माणूस मेला ना, जाळला, की त्याची हड्डी असते ती कुटायची. माती में मिलाने का. लामा साचा लेके बैठता है, मंत्र बोलता है, ऐसा ऐसा बनाता है. बहुत बनाता है. फिर चोर्तेन, वो घुमट, उसके अंदर रखते हैं, नहीं तो पहाड़ में, पत्थर के नीचे." त्याने नखाने त्या पांढऱ्या कणाजवळ, पण कणाला न लावता, दाखवलं. "ये कोई आदमी है, काका. नहीं तो औरत."

रस्त्यावरून टेम्पो गेला. गुणाजींना हसू आलं, काय करणार. आपल्यात अस्थी घराच्या उंबऱ्याआत आणत नाहीत. मडकं झाडाला टांगून ठेवतात, घरात पाणीसुद्धा जपून पितात. आणि इथे गणपतीच्या मांडीला मांडी लावून. "म्हणजे दहा वर्षं आम्ही सुतकात मोदक खाल्ले!"

"और कुंकू भी लगाया," बुद्धिमानने पुन्हा पाहिलं. "किती लावलाय! हमारे गाँव में किसी मुर्दे का इतना लाड नहीं होता."

"आता काय करायचं? जोडू?"

"जोड़ने का नहीं, काका. ये तो गलने के लिए है. बारिश में, हवा में. सौ साल, दो सौ साल. धीरे धीरे. मिट्टी हो गया तो काम हो गया." मग रुमाल बंद करत, सहज: "मैं लोसार को, हमारे नये साल को, गाँव जा रहा हूँ, आठ दिन में. आमच्या गावच्या वर एक है, पुराना, भूकंप में वो भी गिरा था, अभी फिरसे बांधला. बोलेंगे तो ले जाऊंगा. सोचो आप."

ते विचार करत बसले. आठ दिवस. मेघनाला सांगितलं तेव्हा तिने हातातली फेविक्विकची नळी हळूच फ्रिजवर ठेवली. मग म्हणाली, "ठेवा ना, बाबा. आपल्याकडे आईंचं दुसरं काय आहे?"

ते खरंच होतं. शेवंतीला न्यायला गाडी आली तो करोनाच्या पहिल्या वर्षातला जूनचा दिवस. दोघांनाही ताप होता, तिचा जास्त. प्लास्टिकच्या कपड्यांतली दोन माणसं, चेहरे नाहीत. गॅलरीतल्या सगळ्या खोल्यांची दारं बंद, फटींत डोळे. जिन्याच्या तोंडाशी गुणाजी थांबले. पुढे यायचं नाही, काका, असं त्यातला एक म्हणाला. त्यांनी ऐकलं. शेवंतीने मागे वळून पाहिलं नाही, तिला जिना उतरताना पायरी बघावी लागायची. नवव्या दिवशी फोन आला. त्या दिवसांत सगळ्यांचं जे झालं तेच तिचं झालं, एकत्र, रांगेत, आणि राख मागायला जाण्याची मुभा मिळेपर्यंत राखेत नाव उरलं नव्हतं. भटजींनी दर्भाची मूठ बांधून दिली. ती गुणाजींनी पाण्यात सोडली आणि सोडताना त्यांना काहीच वाटलं नाही, गवत सोडल्यासारखं वाटलं. म्हणून ते ज्या दिवशी देव्हाऱ्यापुढे पहिल्यांदा एकटे बसले, त्या दिवशी त्या मातीच्या अंगावरची खळगी बघून घरभर ऐकू जाईल असे रडले. तेवढीच ती उरली होती. बोटाच्या एका पेराएवढी.

आता ती खळगी कोणाच्या तरी हाडांवर होती. हे आधी त्यांना भयंकर वाटलं, मग विचित्र वाटलं, मग, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अंघोळीचं पाणी अंगावर घेताना, निराळंच काही वाटलं. त्या टेकडीच्या आसपास कुठेतरी एखादा म्हातारा असेल. भूकंपानंतर तो आपल्या बाईची माती शोधत त्या फाटलेल्या घुमटापाशी आला असेल. मोजली असतील त्याने? एक कमी आली असेल? की त्याला ठाऊकच नसेल, आणि लालबागला एक कुठलीशी शेवंती रोज सकाळी त्याच्या बाईला हळद-कुंकू लावते, तिच्यापुढे ओवी म्हणते, गौरीच्या दिवशी तिला नथीएवढं सोन्याचं फूल वाहते. कोणाच्या मेलेल्या माणसाला कोण सांभाळतो. आणि मग, पाण्याचा तांब्या हातातच राहिला, त्यांच्या मनात आलं की शेवंतीची राखही कोणीतरी भरलीच असेल. फावड्याने का होईना, पोत्यात का होईना. त्या माणसाने हात जोडले असतील. कुठल्यातरी झाडाच्या बुंध्याशी ती गेली असेल, आणि तिला शेवंती न म्हणता कोणीतरी रोज पाणी घालत असेल. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना ती कुठेतरी आहे असं वाटलं. नवव्या दिवशीच्या त्या फोनात नाही, दर्भात नाही. कुठेतरी.

पण तेवढ्याने हात सुटत नव्हता. सातव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ते शिखर मुठीत धरून पाहिलं. धरलं की धरवत होतं. ह्यावेळी सोडलं तर ते सोडणं त्यांच्या लक्षात राहणार होतं. तीच भीती होती. त्यांनी आजवर दोनदा सोडलं होतं, आणि दोन्ही वेळा आपण सोडलं असं म्हणता येत नव्हतं: एकदा पायांनी, एकदा त्या बिनचेहऱ्याच्या माणसाने. स्वतःच्या हाताने त्यांनी कधीच काही सोडलं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी बुद्धिमान फाटकाशी बॅग घेऊन उभा होता. नवीन मफलर. टॅक्सीत बसणार, गोरखपूरची गाडी पकडणार. गुणाजी खाली उतरले. शेवंतीच्या एका जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, त्यात ते शिखर, टवका वेगळा बांधलेला. मेघना दवाखान्याला निघालेली, तीही सोबत उतरली आणि दोन पावलं मागे थांबली.

"कुंकू तसंच ठेवलंय," गुणाजी म्हणाले. "धुऊ काय?"

"रहने दो. इतना दूर का मेहमान, सज के जाएगा." त्याने पुरचुंडी स्वेटरच्या आत, छातीशी ठेवली. गुणाजींनी बघितलं, बॅगेत नाही टाकली.

मग ते बोलून गेले. कोणी विचारलं नव्हतं. "बुद्धिमान, त्या दिवशी मी पळालो होतो. बायकोचा हात सोडून." मागे मेघना उभी आहे हे ह्यावेळी त्यांना आठवत होतं. तरी बोलले.

बुद्धिमानने टॅक्सीवाल्याला हाताने थांब म्हटलं. "मैं भी भागा, काका. अम्मा घर में थी. मुझसे पहले बकरी भागी, बकरी के पीछे मैं. अम्मा अपने आप निकली, लकड़ी टेकते टेकते. मरने तक सबको बोलती थी, मेरा बेटा बकरी का बच्चा है." तो हसला, पण डोळे पुसले. "सब का पाँव भागा, काका. उस दिन किसी का पाँव उसका नहीं था." आणि मग टॅक्सीचं दार उघडता उघडता त्याला आठवलं. "नाम क्या बोलूं? वहाँ रखने के टाइम नाम लगता है. किसका है, बोलना पड़ता है."

यंत्र सुरू व्हायला अजून पाच मिनिटं होती. चौकातल्या नळाखाली कोणाची तरी बादली भरत होती, भरत आल्याचा आवाज बारीक होत चालला होता.

"दोन नावं घे," गुणाजी म्हणाले. "एक आपल्याला ठाऊक नाही. ते जिचं आहे तिला पोचू दे, तसंच बोल. आणि दुसरं शेवंती."

"शेवंती," बुद्धिमानने म्हणून पाहिलं. त्याच्या तोंडी ते जरा डोंगरातलं झालं. "ठीक आहे."

टॅक्सी करी रोडच्या पुलाकडे वळली. मेघनाने त्यांच्या दंडाला हात लावला, तिला उशीर होत होता, तरी ती उभी राहिली. गुणाजी रस्त्याकडे बघत होते आणि त्यांना ती धूळ दिसत होती, आणि धुळीतून तो खडा आवाज: जेचा माणूस तेका पावता कर. आणि त्यानंतर ती लांबत गेलेली जागा, इतकी वर्षं उघडी राहिलेली, दार लावायचं राहून गेल्यासारखी. कुंपणाआड यंत्राने श्वास घेतला. पहिला ठोका पडला. जमीन तळव्यांतून वर आली, गुडघ्यांपर्यंत, पोटापर्यंत. पाय जागेवर होते.

"व्हय म्हाराजा," गुणाजी म्हणाले. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघण्याएवढ्या मोठ्याने.